देशपरिचय : ब्राझील – उसाचा, क्रुसाचा आणि महानद्यांचा देश

दक्षिण अमेरिका खंडातील देशांची ओळख करून देताना आम्ही प्रथम ब्राझील हा देश निवडला, ह्याचे काही वाचकांस आश्चर्य वाटेल. कोल्हापूर जिल्ह्यातील आपल्या धर्मग्रामांचा त्या दूरच्या देशाशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो साखरेचा आहे. जयसिंगपूर येथे दरवर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर श्री. राजू शेट्टी ह्यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद भरते. पहिली उचल किती मिळावी हे तेथे हजारो शेतकऱ्यांसमोर जाहीर होते. त्या आकड्यामागे जी गणिते असतात, त्यांत ब्राझीलमध्ये यंदा पाऊस कसा झाला, तेथील कारखान्यांनी किती रस साखरेकडे वळवला आणि किती इथेनॉलकडे, ह्याचाही हिशेब दडलेला असतो. शिरोळ तालुक्यातील ऊस उत्पादक ज्या देशाचे नाव बाजारभावाच्या बातमीत ऐकतो, तो देश जगातील सर्वाधिक कॅथोलिक लोकसंख्येचाही देश आहे. म्हणून हा परिचय.

ब्राझीलचे क्षेत्रफळ सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे भारताच्या अडीचपटीहून अधिक. मात्र २०२२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २० कोटी ३० लाखांच्या आसपासच आहे. चिली आणि इक्वेडोर हे दोन देश वगळता दक्षिण अमेरिकेतील प्रत्येक देशाशी त्याची सीमा भिडते. देशात २६ राज्ये व एक संघीय जिल्हा आहे. उत्तरेस ॲमेझॉन नदीचे अफाट खोरे. ईशान्येस 'सेर्ताव' नावाचा कोरडा, काटेरी झुडपांचा प्रदेश, जो पाहिल्यास आपल्याकडील माण-जतचा माळ आठवावा. मध्यभागी 'सेराडो' हे विस्तीर्ण गवताळ पठार. पश्चिमेस पांतानाल ही जगातील मोठ्या पाणथळ भूमींपैकी एक. आणि पूर्व किनाऱ्यालगत एके काळी सलग पसरलेले, आता फार थोडे उरलेले अटलांटिक अरण्य. उंच पर्वत मात्र नाहीत. सर्वांत उंच शिखर पिको दा नेब्लिना ३००० मीटरलाही पोहोचत नाही.

ॲमेझॉन नदीची लांबी सुमारे ६४०० किलोमीटर आहे. मनाउस शहराजवळ रिओ नेग्रोचे काळे पाणी आणि मुख्य प्रवाहाचे गढूळ पाणी कित्येक किलोमीटर एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहते. नरसोबाच्या वाडीस कृष्णा-पंचगंगेचा संगम पाहिलेल्या आमच्या वाचकांस ह्या दृश्याची कल्पना सहज यावी. नदीची दुसरी बाजूही आपल्या लोकांस ठाऊक आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुक्यातील गावेच्या गावे पाण्याखाली होती. २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत ब्राझीलच्या दक्षिण टोकाकडील रिओ ग्रांदे दो सुल राज्यावर तशीच आपत्ती आली आणि पोर्तो आलेग्रे हे राजधानीचे शहर कित्येक दिवस जलमय राहिले.

देशाच्या नावाची कथा आपल्या देशापर्यंत येऊन पोहोचते. लाल रंग देणारे एक लाकूड मध्ययुगात पूर्वेकडून युरोपात जात असे. आपण त्यास 'पतंग' म्हणतो. युरोपात त्यास 'ब्राझील' म्हणत. नव्या भूमीवर तसाच रंग देणारी झाडे मिळाली, म्हणून आधी झाडास व मग देशास ते नाव पडले. पहिल्या पोर्तुगीजांनी दिलेले नाव 'खऱ्या क्रुसाची भूमी' असे होते. व्यापाराच्या मालाने क्रुसाचे नाव मागे टाकले, ह्याबद्दल जुन्या पोर्तुगीज लेखकांनी खेद व्यक्त केला आहे.

आता इतिहासाकडे वळू. वास्को द गामा कालिकतहून परतल्यावर पोर्तुगालच्या राजाने १३ जहाजांचा दुसरा काफिला भारताकडे धाडला. पेद्रो आल्वारिश काब्राल हा त्याचा प्रमुख. वारा पकडण्यासाठी जहाजे अटलांटिक महासागरात पश्चिमेकडे फार दूर गेली आणि २२ एप्रिल १५०० रोजी त्यांस जमीन दिसली. २६ एप्रिल रोजी, पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या रविवारी, फ्रान्सिस्कन संघाचे फादर हेन्रिक द कोइंब्रा ह्यांनी तेथे पहिले मिस्साबलिदान अर्पण केले. काही दिवसांनी काफिला पुढे निघाला आणि सप्टेंबरमध्ये कालिकतला पोहोचला. ब्राझीलमध्ये पहिली मिस्सा म्हणणारे धर्मगुरू त्याच वर्षी भारताच्या भूमीवर उतरले, हे आपल्यापैकी फार थोड्यांस माहीत असावे. भारताच्या वाटेवर सापडलेली भूमी म्हणूनच ब्राझील प्रथम ओळखला गेला. १४९४ च्या तोर्देसियास करारानुसार ती भूमी पोर्तुगालच्या वाट्यास आली, म्हणून आजही संपूर्ण खंडात हा एकच देश पोर्तुगीज बोलतो.

दुसरा दुवा आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. १५३२ साली मार्तिम आफोन्सो द सोझा ह्या सरदाराने साव व्हिसेंते येथे ब्राझीलमधील पहिली कायम वसाहत स्थापन केली व तेथे उसाची लागण आणि साखरेचा घाणा सुरू केला. पुढे हाच गृहस्थ भारतातील पोर्तुगीज मुलखाचा गव्हर्नर म्हणून नेमला गेला. १५४१ च्या एप्रिलमध्ये तो लिस्बनहून निघाला, तेव्हा त्याच्या जहाजावर एक येशूसंघीय धर्मगुरू होते. १५४२ च्या मे महिन्यात ते गोव्यास उतरले. ते म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. ब्राझीलला ऊस देणारा आणि आपल्या पूर्वजांकडे संत झेवियरना आणणारा माणूस एकच होता.

उसाचा प्रवास तर त्याहून मोठा. रसापासून दाणेदार साखर करण्याची कला भारतात सिद्ध झाली. 'शर्करा' हा शब्द अरबीत 'सुक्कर' झाला आणि पोर्तुगीजांत 'आसुकार'. अरबांबरोबर ऊस भूमध्य समुद्राकाठी गेला, तेथून मदेइरा बेटावर आणि अखेर ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर. पेर्नांबुको व बाहिया ह्या प्रांतांची काळी-तांबडी जमीन त्यास मानवली. तेथील साखरेच्या वाड्यास 'एन्जेन्यो' म्हणत. आपले गुऱ्हाळ डोळ्यांसमोर आणा : घाणा, चुलवण, काहिली, उकळता रस आणि मळी काढणारे हात. मात्र आपल्या गुऱ्हाळात गूळ ढेपेच्या साच्यात घालतात, तर तेथे दाटलेला रस मातीच्या शंक्वाकृती साच्यांत ओतून, वरून ओल्या चिकणमातीचा थर देऊन, त्यातली मळी खाली निथळू देत. साचा उपडा केला की पांढरी, निमुळती साखरेची ढेप बाहेर येई. रिओ द जानेरो बंदराच्या तोंडाशी जो ३९६ मीटर उंचीचा सुप्रसिद्ध खडा डोंगर उभा आहे, त्याचे नाव 'पाव दे आसुकार', म्हणजे हीच साखरेची ढेप. कोल्हापूरच्या माणसाला त्याचे भाषांतर सांगावे लागू नये.

ह्या गोडव्याची किंमत कोणी मोजली? प्रथम तेथील मूळ रहिवाशांनी, आणि मग आफ्रिकेतून साखळदंडांत आणलेल्या माणसांनी. गुलामांच्या व्यापाराच्या उपलब्ध नोंदींवरून अभ्यासकांनी जो अंदाज बांधला आहे, त्यानुसार सुमारे ४८ लाख आफ्रिकी लोक ब्राझीलच्या बंदरांत उतरवले गेले. अमेरिकेतील दुसऱ्या कोणत्याही देशात एवढे उतरवले गेले नाहीत. वाटेत समुद्रात मेले ते वेगळे. घाण्यात हात सापडला तर तो तोडता यावा म्हणून घाण्याजवळ कोयती ठेवलेली असे.

येथे ख्रिस्तसभेच्या भूमिकेबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. १५४९ साली फादर मानुएल दा नोब्रेगा ह्यांच्या नेतृत्वाखाली येशूसंघीय बाहियात आले. त्यांनी मूळ रहिवाशांना गुलाम करण्यास कडवा विरोध केला, त्यासाठी वसाहतवाल्यांचा रोष ओढवून घेतला. परंतु त्याच संघाच्या मठांचे ऊसमळे आफ्रिकी गुलामांच्या कष्टांवर चालत होते. सतराव्या शतकातील थोर प्रवचनकार फादर आंतोनियो व्हिएरा ह्यांनी घाण्यावरील गुलामांच्या यातनांची तुलना प्रभू येशूच्या दुःखसहनाशी केली. गुलामगिरी मोडा असे मात्र ते म्हणाले नाहीत. आपल्याच धर्मबंधूंची ही उणीव वाचताना आम्हांस संकोच वाटतो, पण धर्मप्रांताच्या पानांवर केवळ गौरवगाथाच छापाव्यात असे आम्ही मानीत नाही. गुलामांनी आपली वाट आपणच शोधली. कित्येक जण रानात पळून गेले व त्यांनी स्वतंत्र वस्त्या वसवल्या. त्यांतील पाल्मारेस ही वस्ती सतराव्या शतकात कित्येक दशके टिकली आणि तिचा नेता झुंबी १६९५ साली मारला गेला. इतरांनी जपमाळेच्या मातेच्या नावाने आपले बंधुसंघ स्थापिले, पै-पैसा साठवून काहींना सोडवले आणि साल्व्हादोर शहरात स्वतःचे देखणे चर्च बांधले, जे आजही उभे आहे.

गुलामगिरी अखेर १३ मे १८८८ रोजी राजकन्या इझाबेल हिच्या सहीने रद्द झाली. त्याच्या आठवडाभर आधी पोप लिओ तेरावे ह्यांनी ब्राझीलच्या बिशपांना उद्देशून गुलामगिरीविरुद्ध विश्वपत्र लिहिले होते. कायद्याने माणसे मुक्त झाली. त्यांच्या हाती जमिनीचा एक तुकडाही आला नाही. ब्राझीलच्या जमीनप्रश्नाचे मूळ येथे आहे.

राजकीय घटनाक्रम थोडक्यात असा : १८०८ मध्ये नेपोलियनच्या भयाने पोर्तुगालचा दरबार रिओ येथे हलला, ७ सप्टेंबर १८२२ रोजी राजपुत्र पेद्रो ह्याने स्वातंत्र्य घोषित केले, १८८९ मध्ये प्रजासत्ताक आले आणि पुढील वर्षी ख्रिस्तसभा व शासन विभक्त झाले, १९६४ ते १९८५ लष्करी राजवट होती, १९८८ पासून आजची राज्यघटना लागू आहे. १९६० साली राजधानी रिओहून मध्य पठारावर, अगदी नव्याने आखून बांधलेल्या ब्राझिलिया नगरात नेण्यात आली. लुसिओ कोस्ता ह्यांनी नगर आखले, ऑस्कर नीमायर ह्यांनी इमारती रचल्या. नीमायर स्वतः साम्यवादी व निरीश्वरवादी, तरी त्यांनी उभारलेले तेथील कॅथेड्रल, आकाशाकडे उचललेल्या हातांसारखे, विसाव्या शतकातील सुंदर चर्चमध्ये गणले जाते. आखीव नगराचे कौतुक जयसिंगपूरकरांना काय सांगावे? शाहू छत्रपतींनी आपले जन्मदाते जयसिंगराव घाटगे ह्यांच्या नावे वसवलेल्या ह्या गावाच्या सरळ, क्रमांकाच्या गल्ल्या ब्राझिलियापेक्षा जुन्या आहेत.

गोवा आणि ब्राझील ह्यांची ख्रिस्तसभा एकाच वेलीवरची. आरंभी दोन्ही प्रदेश मदेइरा बेटावरील फुंशाल धर्मप्रांताच्या कक्षेत होते; १५३४ साली गोवा व १५५१ साली साल्व्हादोर स्वतंत्र धर्मप्रांत झाले. १७५९ च्या राजाज्ञेने येशूसंघीयांची दोन्हीकडून हकालपट्टी झाली. साम्य भाषाकार्यातही दिसते. संत जोझे द आंशिएता ह्यांनी तुपी ह्या मूळ भाषेचे व्याकरण लिहिले, ते १५९५ साली छापले गेले. इकडे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले व त्यांचे कोंकणी व्याकरण १६४० साली, त्यांच्या मृत्यूनंतर. मात्र एका बाबतीत आपण भाग्यवान ठरलो. गोव्यात छापखाना १५५६ साली आला. ब्राझीलला त्यासाठी १८०८ पर्यंत थांबावे लागले. आंशिएतांचे व्याकरण म्हणूनच पोर्तुगालमध्ये छापावे लागले. २५ जानेवारी १५५४ रोजी नोब्रेगा व आंशिएता ह्यांच्या सहभागाने जी लहानशी शाळा सुरू झाली, तिच्याभोवती वाढलेले नगर म्हणजे आजचे महाकाय साव पावलो. आंशिएतांना पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१४ साली संत घोषित केले.

आपल्या ताटातही ब्राझील आहे. 'काजू' आणि 'अननस' हे दोन्ही शब्द तुपी-ग्वारानी भाषाकुळातून पोर्तुगीजांमार्फत मराठीत आले, फळांसह. आजरा-चंदगडच्या काजूचे मूळ घर ईशान्य ब्राझीलचा वालुकामय किनारा आहे. उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो मानियोकही ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. उलट दिशेने आंबा, फणस आणि नारळ तिकडे गेले व असे रुजले की ब्राझीलच्या मुलांस ती झाडे परकी वाटतच नाहीत. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत गीर, कांकरेज व ओंगोल गुरे येथून नेली गेली. ओंगोल जातीस तेथे नेल्लोर जिल्ह्यावरून 'नेलोरे' म्हणतात आणि आज तिच्या वंशाचीच गुरे तेथील माळांवर कोट्यवधींच्या संख्येने चरतात. त्याच कुरणांसाठी ॲमेझॉनचे अरण्य तुटते, हाही त्या कथेचा भाग आहे.

सर्वसामान्य ब्राझिलियन माणसाची भक्ती मरिया मातेभोवती गुंफलेली आहे. १७१७ साली पाराइबा नदीत तीन कोळ्यांच्या जाळ्यात आधी मातीच्या मूर्तीचे धड आले, मग शिर आले, आणि त्यानंतर, परंपरा सांगते त्याप्रमाणे, रिकामे जाळे माशांनी भरून गेले. ती सावळ्या रंगाची, हातभरही उंच नसलेली आपारेसिदा माता १९३० पासून देशाची आश्रयदात्री आहे. तिचा सण १२ ऑक्टोबर. त्याच तिथीस १९३१ साली रिओच्या कोर्कोवादो शिखरावर ख्रिस्त तारकाच्या ३० मीटर उंच पुतळ्याचे उद्घाटन झाले. परदेशी पर्यटक पुतळा पाहतात. ब्राझीलचे गोरगरीब मात्र बसगाड्या भरून आपारेसिदाला जातात. बेलेम शहरात ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी निघणारी नाझरेथ मातेची मिरवणूक अशीच. लाखो लोक अनवाणी, मातेच्या रथाचा जाड दोर धरून चालतात. त्या दोराला हात लागावा म्हणून होणारी गर्दी पाहिली की पंढरीच्या वाटेवरील पालखीचा रथ आठवल्यावाचून राहत नाही. जूनमधील संत योहानाचा सण तेथे शेकोट्या पेटवून, मक्याचे पदार्थ करून साजरा होतो. गोव्यात त्याच दिवशी, २४ जूनला, सांजांवच्या निमित्ताने विहिरींत उड्या पडतात. उपवासकाळापूर्वीचा कार्निव्हल तर सर्वांस ठाऊकच आहे. त्याविषयी दूरचित्रवाणीने इतके दाखवले आहे की आम्ही अधिक लिहीत नाही. रोजचे जेवण साधे असते : भात व घेवड्याची आमटी, वर भाजलेल्या मानियोकचे पीठ भुरभुरलेले.

२००७ साली पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी फ्रेय गाल्व्हाव ह्यांना संत घोषित केले. ते ब्राझीलमध्ये जन्मलेले पहिले संत. २०१९ साली साल्व्हादोरच्या झोपडपट्ट्यांत आयुष्य वेचलेल्या सिस्टर दुल्से संतपदास पोहोचल्या. आपारेसिदा येथे २००७ साली झालेल्या लॅटिन अमेरिकी बिशपांच्या परिषदेच्या अंतिम दस्तऐवजाचे काम ज्यांच्या देखरेखीखाली झाले, ते ब्वेनोस आइरेसचे महागुरुस्वामी पुढे पोप फ्रान्सिस झाले.

पुन्हा उसाच्या फडाकडे येऊ. विसाव्या शतकात उसाचे केंद्र ईशान्येकडून साव पावलो राज्यात सरकले. १९७५ साली, खनिज तेलाचे दर भडकल्यावर, शासनाने उसापासून इंधन करण्याची राष्ट्रीय योजना सुरू केली. आज तेथील कारखाना बाजार पाहून ठरवतो की रसाची साखर करावी की इथेनॉल. भारतातील कारखाने अलीकडे त्याच वाटेने निघाले आहेत. मात्र फड तोडणाऱ्या माणसाचे काय? तेथे ऊसतोड मजुराला 'बोइया-फ्रिया' म्हणतात; शब्दशः अर्थ 'थंडगार जेवण'. पहाटे डबा भरून ट्रकमधून निघायचे आणि दुपारी फडातच तो गार डबा खायचा, म्हणून हे नाव. बीड-धाराशिवकडून उचल घेऊन मुकादमाच्या टोळीत येणारी, कारखान्याच्या आवारात पाचटाच्या कोप्या घालून राहणारी जोडपी आपण दरसाल पाहतो. ती ह्या नावाचा अर्थ आपल्याहून चटकन समजतील.

लष्करी राजवटीत ह्या माणसांच्या बाजूने उभी राहिलेली प्रमुख संस्था म्हणजे ख्रिस्तसभा होय. ओलिंदा व रेसिफे ह्या जुन्या ऊसपट्ट्याचे महागुरुस्वामी हेल्देर कामारा ह्यांचे नाव काही वर्षे वृत्तपत्रांत छापण्यासही बंदी होती. १९७५ साली 'भूमी प्रेषितकार्य आयोग' स्थापन झाला. जमिनीवरून होणाऱ्या खुनांची व वेठबिगारीची नोंद तो वर्षानुवर्षे ठेवीत आला आहे. किंमतही मोजावी लागली. पाराइबा राज्यातील ऊसमजुरांच्या नेत्या मार्गारिदा मारिया आल्व्हेस ह्यांना १२ ऑगस्ट १९८३ रोजी घराच्या दारात गोळी घालण्यात आली. मजुरांच्या हक्कांचे खटले मागे घ्यावेत असा त्यांच्यावर दबाव होता. १२ फेब्रुवारी २००५ रोजी पारा राज्यातील आनापू येथे ७३ वर्षांच्या सिस्टर डोरोथी स्टँग ह्यांचा खून झाला. भूमिहीनांना अरण्य न तोडता शेती करता यावी म्हणून त्या झटत होत्या.

साव पावलोमध्ये पाचट जाळण्यावर २००२ च्या कायद्याने क्रमाक्रमाने निर्बंध आले आणि तोडणी यंत्रांकडे गेली. फुप्फुसांत जाणारी राख थांबली, त्याबरोबर लक्षावधींची मजुरीही गेली. आपल्याकडेही आता तोडणी यंत्रे फडात दिसू लागली आहेत. त्या मजुरांनी पुढे काय करावे, हा प्रश्न आहे.

ब्राझीलच्या ख्रिस्तसभेपुढे आणखी एक कठीण प्रश्न आहे. १९७० साली शेकडा ९० हून अधिक लोक कॅथोलिक होते. २०२२ च्या जनगणनेत हे प्रमाण ५६.७ टक्क्यांवर आले आणि इव्हँजेलिकल पंथीयांचे २६.९ टक्के झाले. कारणे अनेक दिली जातात. आमच्या मते धर्मगुरूंची टंचाई हे मोठे कारण आहे. ॲमेझॉनच्या कित्येक वस्त्यांत वर्षातून एकदोनदाच मिस्सा होते; शहरांच्या नव्या झोपडवस्त्यांत छोटी पंथीय प्रार्थनाघरे आधी पोहोचली, आपले चर्च मागाहून. २०१९ च्या ॲमेझॉनविषयक सिनडमध्ये ह्यावर खुली चर्चा झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये मनाउसचे महागुरुस्वामी लिओनार्दो स्टाइनर हे ॲमेझॉन प्रदेशाचे पहिले कार्डिनल झाले. त्याच सोहळ्यात गोव्याचे महागुरुस्वामी फिलिप नेरी फेर्रांव ह्यांनाही कार्डिनलपद मिळाले.

शेवटी वाचकांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट. २०१९ साली ब्राझीलने, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला ह्यांच्यासह, जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार नोंदवली. उसाला कायद्याने ठरवून दिलेला किमान दर, म्हणजे आपली एफआरपी, आणि साखर निर्यातीचे अनुदान ही दोन्ही नियमबाह्य आहेत, असा दावा होता. डिसेंबर २०२१ मध्ये तंटा समितीने भारताविरुद्ध निर्णय दिला. जानेवारी २०२२ मध्ये भारताने अपील केले. अपील ऐकणारे मंडळ सदस्यांअभावी त्या वेळी बंद पडलेले होते. साव पावलोत सरकार दर ठरवीत नाही. १९९९ पासून शेतकरी व कारखानदार ह्यांची संयुक्त परिषद उसातील साखरेचे प्रमाण आणि साखर-इथेनॉलचे विक्रीदर ह्यांवरून सूत्राने किंमत काढते. २०१२ च्या रंगराजन समितीने सुचवलेला उत्पन्नातील ७० टक्के वाट्याचा मार्ग त्याच विचाराच्या जवळ जातो. कोणती पद्धत बरी, ह्यावर आपल्या शेतकरी बांधवांत मतभेद आहेत. त्या दक्षिण-मध्य भागात गळीत हंगाम एप्रिल ते नोव्हेंबर चालतो. आपला दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत. त्यामुळे जयसिंगपुरात पहिल्या उचलीचा आकडा जाहीर होतो, तेव्हा तिकडच्या हंगामाचा बहुतेक हिशेब झालेला असतो.